रूफस मोठा व्हायलाच हवा होता

ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’ या कादंबरीची नायिका डेना सुरुवातीलाच सांगून टाकते, की भूतकाळातून शेवटचं परतताना तिचा डावा हात गेला. ती जिवंत राहणार आणि धडधाकट राहणार नाही, या दोन्ही गोष्टी वाचकाला पहिल्या पानावरच कळतात. उत्सुकता उरते ती एवढीच, की हा हात नेमका कशापायी गेला. १९७९ साली आलेल्या या कादंबरीवरची आठ भागांची मालिका डिसेंबर २०२२मध्ये हुलूवर आली. एफएक्सच्या या मालिकेची जबाबदारी नाटककार ब्रँडन जेकब्स-जेन्किन्स यांच्याकडे होती. मालिका देखणी आहे, मॅलरी जॉन्सन यांची डेना जिवंत वाटते, आणि मूळ पुस्तकाबद्दलचा आदरही जागोजागी दिसतो. तरीही पुस्तक वाचलेल्या माणसाला ती अर्ध्या वाटेवर रेंगाळल्यासारखी वाटते. तपशील बदलल्याचा दोष मी तिला देणार नाही. कादंबरीत काळ ज्या वेगाने पुढे सरकतो तो वेग मालिकेने मोडला, आणि त्यामुळे बटलर यांचा मूळ प्रश्न पडद्यावर आलाच नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी कथा पाहू. १९७६च्या जूनमध्ये, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, डेना ही कृष्णवर्णीय लेखिका लॉस एंजेलिसजवळच्या नव्या घरात सामान लावत असते. सोबत तिचा गोरा नवरा केविन आहे, तोही लेखकच. अचानक तिला भोवळ येते आणि ती एका नदीकाठी जाऊन पडते. समोर एक गोरा मुलगा बुडत असतो. ती त्याला वाचवते. हा मुलगा रूफस वेलिन, मेरीलँडमधल्या एका मळेमालकाचा मुलगा, आणि काळ आहे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. रूफसच्या जिवावर बेतलं की डेना तिकडे खेचली जाते. तिच्या स्वतःच्या जिवावर बेतलं की इकडे परतते. हे कसं घडतं याचं कोणतंही शास्त्रीय स्पष्टीकरण बटलर देत नाहीत. यंत्र नाही, सूत्र नाही. घरच्या बायबलमधल्या वंशावळीच्या नोंदींवरून डेनाला कळतं, की रूफस तिचा पूर्वज आहे. तो आणि अॅलिस ही कृष्णवर्णीय स्त्री यांची मुलगी हेगर १८३१मध्ये जन्मायची आहे. तोवर रूफस जगला पाहिजे, नाहीतर डेनाचा वंशच नाही.

अमेरिकेतली गुलामगिरी मराठी वाचकाला अगदीच परकी नाही. तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं होतं. फुल्यांच्या डोळ्यांपुढे ती प्रथा मोडणारे लोक होते. बटलर यांना तिच्यात दिवस काढलेल्यांबद्दल सांगायचं होतं. त्यांची आई लोकांच्या घरी कामाला जाई आणि मागच्या दाराने आत शिरे, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. पुढे कॉलेजात, आधीच्या पिढ्यांनी निमूट सोसलं म्हणून त्यांच्यावर संतापणारा एक कृष्णवर्णीय तरुण त्यांच्या ऐकण्यात आला. ‘किंड्रेड’ हे त्याला दिलेलं उत्तर आहे. आजची, शिकलेली, स्वाभिमानी बाई त्या मळ्यावर नेऊन सोडली तर ती किती दिवस ताठ राहील, हे त्यांनी तपासून पाहिलं.

या तपासणीला काळ लागतो, आणि तो बटलर यांनी फार हिशेबाने वापरला आहे. डेनाच्या सहा फेऱ्या होतात. इकडे जेमतेम तीन-चार आठवडे उलटतात, तिकडे दीड दशकाहून जास्त. पहिल्या भेटीतलं निरागस पोर दर भेटीत थोडं थोडं बापासारखं होत जातं. आपल्या शिकवणीने तो वेगळा निघेल, ही डेनाची आशा दर वेळी थोडी झिजते. शेवटी तोच रूफस अॅलिसवर बळजबरी करतो, तिला विकत घेतो, आणि तिने आपल्याकडे मुकाट्याने यावं म्हणून समजूत घालायचं काम डेनावर टाकतो. डेना ते करते. अॅलिसला आणखी मार बसू नये हे एक कारण. हेगर जन्मली पाहिजे हे दुसरं. कादंबरीची खरी गाठ इथे आहे. ज्या पूर्वजांना त्या तरुणाने भ्याड ठरवलं, त्यांच्यासारखीच तडजोड डेना करते, आणि तिच्यापाशी तर त्यांच्याहून जास्त ज्ञान असतं. या गाठीसाठी प्रौढ रूफस हवा. मुलाला वाचवण्यात पाप नसतं. त्याच मुलाच्या पुरुषपणाला मदत करण्यात असतं.

मालिकेचं पहिलं सत्र संपतं तेव्हा रूफस अजून लहानच आहे, अॅलिसही. आठ भागांचा वेळ जातो तो दुसरीकडे. डेनाची मेलेली समजली गेलेली आई, ऑलिव्हिया, भूतकाळात जिवंत सापडते. हे पात्र कादंबरीत नाही. कालप्रवास घराण्यातच चालत आला असावा असं एक रहस्य उभं राहतं, आणि डेनाचा भयंकर एकटेपणा ओसरतो. केविनही बदलतो. कादंबरीत तो नवरा आहे. मालिकेत नुकतीच ओळख झालेला वेटर. बटलर यांच्या केविनला बायकोने आपली हस्तलिखितं टाइप करून द्यावीत असं वाटत असतं, आणि तिने नकार दिला की तो रुसतो. प्रेमळ गोऱ्या नवऱ्यातही हक्क गाजवण्याचा एक धागा आहे, हे तिथे दिसतं. म्हणून रूफस आणि केविन यांच्यात डेनाला अस्वस्थ करणारं साम्य जाणवतं. चार दिवसांच्या ओळखीवर हा भार टाकता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, की मालिकेत डेनाचा वर्तमानकाळ १९७६वरून २०१६मध्ये आणणं भागच होतं. आजच्या प्रेक्षकाला १९७६ हादेखील भूतकाळच. हे मला मान्य आहे, आणि या बदलाचा एक फायदाही झाला. डेनाच्या घरातून किंकाळ्या ऐकू आल्या की गोरे शेजारी चौकशीच्या नावाखाली पाळत ठेवतात. मळ्यावरची नजर आजच्या वस्तीतही आहे, हे त्यातून नेमकं पोचतं. पण १९७६ हे साल बटलर यांनी उगाच घेतलं नव्हतं. वेगवेगळ्या वंशांतल्या विवाहांवरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्येच उठवली होती, त्यामुळे डेनाचं लग्नच नऊ वर्षांपूर्वीपर्यंत अनेक राज्यांत गुन्हा ठरलं असतं. आणि तिचा शेवटचा प्रवास होतो ४ जुलैला, देश स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी करत असताना. साल बदलायला हरकत नव्हती, पण तेवढ्याच वजनाचं काहीतरी त्या जागी यायला हवं होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जानेवारी २०२३मध्ये मालिका रद्द झाली. पुढच्या सत्रात रूफस मोठा झाला असता, मग अपुऱ्या कामाला दोष का? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. रद्द होणं निर्मात्यांच्या हाती नव्हतं, पण कशाला किती वेळ द्यायचा हे होतं. एका आटोपशीर कादंबरीचा सुरुवातीचा भाग आठ तुकड्यांत ताणायचा आणि मूळ पेच पुढे ढकलायचा, ही निवड होती. दर भागाच्या शेवटी नवी उत्कंठा हवी म्हणून कथेचा शेवट उघडा ठेवणं मालिकांच्या हिताचं असतं. ‘किंड्रेड’ची ताकद उलट आहे: तिचा शेवट आधीच सांगितलेला असतो आणि कथा त्याच्याकडे घट्ट आवळत जाते. पडद्याची म्हणून एक बाजू इथे आहेच. कादंबरीत सगळं डेनाच्या नजरेतून दिसतं. मालिकेत स्वयंपाकघर सांभाळणारी सेरा किंवा मळ्यावरचा ल्यूक यांना स्वतःचे प्रसंग मिळतात आणि गुलामांच्या वस्तीला आपलं आयुष्य लाभतं. ही भर मोलाची आहे, आणि ठरावीक भागांच्या, एकाच सत्रात संपणाऱ्या मालिकेतही ती करता आली असती.

म्हणून कालप्रवासाची कादंबरी पडद्यावर नेताना, काय गाळलं आणि काय जोडलं याच्या आधी एक गोष्ट विचारायला हवी: या कथेत काळ कुणाचं काय करतो? ‘किंड्रेड’मध्ये तो एका पोराचा मालक करतो, आणि त्याला वाचवणाऱ्या बाईला त्याच्या कृत्यात सामील करून घेतो. हे दाखवायला मोठा रूफस लागतो. त्याला पहिल्याच सत्रात जागा दिली असती, तर मालिका रद्द होऊनही पूर्ण ठरली असती.