पान अडुळशाचे की महारुखाचे?

खानदेशात अडुळसा ठाऊक नसलेले घर विरळाच. गुरे-शेळ्या त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून तो कुंपणाला लावतात. आणि खोकला झाला की त्याच पानांचा काढा करतात. हिरवे पान ओळखणे सोपे असते. अडचण येते ती वाळलेल्या पानांच्या पोत्यापाशी.

अडुळशात महारुखाच्या पानांची भेसळ होते, अशी नोंद वनौषधींच्या पाठ्यपुस्तकांतही आहे. अडुळशाचे पान साधे व अखंड कडांचे. महारुखाचे संयुक्त, त्याच्या पर्णिकांच्या कडा दातेरी. परंतु पानांचा चुरा झाला की हा भेद डोळ्यांना दिसत नाही. तेथे रसायनशास्त्राची कसोटी लावावी लागते.

अडुळशातील प्रमुख अल्कलॉइड म्हणजे व्हॅसिसिन. ते १८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी वेगळे केले. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे औषध पुढे याच रेणूच्या अभ्यासातून घडले.

परीक्षेसाठी पाने सावलीत वाळवून भरड कुटतात व मिथेनॉलमध्ये त्यांचा अर्क काढतात. ड्रॅगनडॉर्फ अभिकारक घातल्यावर नारिंगी साका दिसला, तर अल्कलॉइड असल्याचे समजते. पण अल्कलॉइड महारुखातही असतात. केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे. म्हणून सिलिका जेलच्या पातळ थरावर अर्काचा ठिपका आणि शेजारी शुद्ध व्हॅसिसिनचा ठिपका ठेवतात. द्रावक वर चढताना घटक वेगळे होतात. दोन्ही ठिपके सारख्याच उंचीवर आले, तर व्हॅसिसिनची ओळख पटण्यास आधार मिळतो. त्याचे प्रमाण एचपीएलसी यंत्राने मोजता येते.

ही विद्या खानदेशाला दूरची नाही. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले. तेथे रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे.

घरासाठीही यात एक बोध आहे. व्हॅसिसिन गर्भाशयाचे आकुंचन वाढवू शकते. म्हणून गर्भवतीने वैद्यांच्या सल्ल्याविना अडुळसा घेऊ नये. पान घरचे असले, तरी त्यातील द्रव्य प्रभावी असते.

आणि पेढीसाठी? तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल मालात नकली माल मिसळून विकणे, गणलेला आहे. काष्ठौषधीच्या व्यापाऱ्याला अजाणता घडणारा हा दोष टाळावयाचा असेल, तर पोते विकण्यापूर्वी मूठभर चुरा प्रयोगशाळेत तपासून घेणे हिताचे. औषध घेणारा रोगी विश्वासाने पैसे मोजतो. तो चुरा त्याला तपासता येत नाही.