डॉक्टरांना काय विचारायचं, ते कोण सांगणार?

धुळे-जळगावकडे घरात कुणाला मानसिक आजार झाला, की पहिली धाव सहसा डॉक्टरांकडे नसते. आधी 'बाहेरचं' बघून होतं. मग कुणीतरी सैलानीचं नाव काढतं. बुलडाणा जिल्ह्यातल्या त्या दर्ग्याची वाट खान्देशाला नवी नाही. डॉक्टरांची पाळी त्यानंतर येते, आणि तोही गावातला नको असतो. धुळ्याची माणसं नाशिक गाठतात, जळगावची छत्रपती संभाजीनगर. तिकडे इलाज चांगला मिळतो, असं सांगितलं जातं. ते खोटं नसेलही, पण दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कुणी भेटू नये, हे कारण त्याहून मोठं असतं. घरात धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं असतं.

खरं तर त्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाशीच बोलायला हवं. त्याच्या घरी हेच दुखणं सात-आठ वर्षांपासून असेल. कोणत्या गोळीने मुलगा दिवसभर झोपून राहतो, कोणत्या गोळीने वजन वाढतं, 'आता बरं वाटतंय' म्हणून औषध बंद केलं की किती दिवसांत पुन्हा तेच सुरू होतं, हे त्याला पाठ असतं. डॉक्टरांनाही ते माहीत असतं. पण बाहेर साठ जण बसलेले असताना ते सगळं सांगत बसायला डॉक्टरांकडे वेळ नसतो, आणि काय विचारायचं हे आपल्याला सुचत नाही.

अशा नातेवाइकांना महाराष्ट्रात एकत्र बसवायचं ज्यांनी मनावर घेतलं, ते डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे आपल्या धुळ्याचे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया झाला आणि शक्यतांचा हिशोब मांडणाऱ्या या माणसाला हा हिशोब घरातच सोडवावा लागला. कॅनडात अशा कुटुंबांची संघटना 1979 सालीच उभी राहिली होती. वाणींनी 1997 साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. 'सा' या छोट्या नावाने ती ओळखली जाते. रुग्णांचे आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचे स्वमदत गट हा तिच्या कामाचा कणा आहे. मे 2017 मध्ये वाणींचं निधन झालं. संस्थेचं काम चालू आहे.

अनेकांना वाणी हे नाव ठाऊक नसतं, पण 'देवराई' आठवतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा स्किझोफ्रेनियावरचा 2004 सालचा हा चित्रपट. त्याच्या निर्मितीमागे वाणी होते. अतुल कुलकर्णींनी उभा केलेला शेष सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला मात्र त्यातली सोनाली कुलकर्णींची बहीण जास्त महत्त्वाची वाटते. नवरा, मूल, संसार सांभाळून भावाला घरी आणणारी, त्याच्यावर चिडणारी आणि चिडले म्हणून पुन्हा स्वतःलाच टोचणी लावून घेणारी. आपल्याकडे काळजी घेणारं माणूस बहुतेक वेळा असंच असतं, आणि त्याची विचारपूस कुणी करत नाही. याच दिग्दर्शकांनी पुढे 2006 मध्ये कोडावर 'नितळ' केला. त्यामागेही एक स्वमदत गटच होता: स्वतःच्या अंगावर कोड असलेल्या डॉ. माया तुळपुळे यांची पुण्यातली 'श्वेता असोसिएशन'.

असे गट ही परदेशी कल्पना आहे, असं समजायचं कारण नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांसोबत नातेवाइकांनाही आवारातच तंबू ठोकून राहायला लावलं. जागा अपुरी होती, माणूसबळ नव्हतं, हा त्यातला व्यवहार. पण रात्री तंबूंबाहेर बसून एका गावची आई दुसऱ्या गावच्या आईकडून जे शिकली, ते कुठल्याही माहितीपत्रकात मावलं नसतं. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले आणि घरी गेल्यावर त्यांना काय हवं-नको, ते घरच्यांना कळू लागलं. इंग्लंडमध्ये ही सुरुवात व्हायला 1970 साल उजाडलं. मुलाच्या स्किझोफ्रेनियाबद्दल एका वडिलांनी 'टाइम्स'ला पत्र लिहिलं, ते वाचून इतर आईबाप पुढे आले आणि 1972 मध्ये त्यांची संघटना झाली.

आता गटात नेमकं होतं काय? रडणं होतं, ते व्हायलाच हवं. पण गटाचा खरा उपयोग इलाजाचा निर्णय घेताना होतो, असं माझं मत आहे.

क्लोझापिन या औषधाचंच बघा. दोन-तीन औषधं देऊनही भास थांबत नाहीत, तेव्हा डॉक्टर याचं नाव काढतात. उपयोगी औषध आहे. पण काही थोड्या लोकांत त्याने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात, म्हणून सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, आणि पुढेही ठरावीक अंतराने तपासत राहावं लागतं. शिरपूर किंवा चोपड्याच्या एखाद्या खेड्यातल्या घराला हे ऐकूनच धडकी भरते. दर आठवड्याला मजुरी बुडवून तालुक्याला जायचं? तपासणीला किती लागतात? या प्रश्नांची उत्तरं त्याच वाटेने गेलेलं घर देऊ शकतं. रात्री उशीवर लाळ गळते, बद्धकोष्ठ होतं, ते दुर्लक्षून चालत नाही, डॉक्टरांना सांगावं लागतं, हेही तेच घर सांगतं. एवढं कानावर पडलेला माणूस डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा नुसती मान डोलावत नाही.

विजेच्या उपचाराचं तसंच. 'शॉक' म्हटलं की जुन्या सिनेमातली किंकाळी आठवते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करताच येत नाही. ज्याच्या वडिलांना तो दिला गेला, ज्याने त्यांना अर्ध्या तासाने उठून चहा मागताना पाहिलं आणि नंतर काही दिवस गोष्टी विसरतानाही पाहिलं, त्याच्या तोंडून हे ऐकणं वेगळं. तो दोन्ही बाजू सांगतो. याच कायद्याने आणखी एक सोय केली आहे, जी खान्देशात फार कमी घरांना माहीत असते: आपण ठीक असताना माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, की पुढे आजार उसळला तर मला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं.

इथेच एक सावधानताही हवी. गट म्हणजे दवाखाना नव्हे. 'आमच्या पोराला या गोळीने फरक पडला, तुम्हीही द्या' हे वाक्य निघालं, की गटाचा भगत झाला म्हणून समजा. अनुभव द्यावा, डोस देऊ नये. 'आम्ही सगळ्या गोळ्या बंद करून अमुक बाबांचं चूर्ण सुरू केलं' असं सांगणाराही एखाद्या दिवशी येतोच. त्याला हाकलून उपयोग नसतो. ते चूर्ण संपल्यावर सहा महिन्यांनी काय झालं, हे सांगणारा माणूस त्याच वर्तुळात बसलेला असावा लागतो. साखळदंड आणि मारझोड यांच्याबाबतीत मात्र कसलाही मुलाहिजा नको. तमिळनाडूत एर्वाडी इथे 6 ऑगस्ट 2001 रोजी बांधून ठेवलेली 28 माणसं आगीत गेली. आपल्याकडे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधणं हा गुन्हा ठरवला आहे.

मग धुळ्याच्या माणसाने सुरू केलेली ही गोष्ट धुळ्यात का सहज रुजत नाही? मला वाटतं, अडचण माणसांची नाही, ओळखीची आहे. पुण्यात गटात बसलेल्या बाईला शेजारची बाई कोण, कुठली, हे माहीत नसतं. इथे देवपुरातल्या माणसाला पेठेतला माणूस आडनावावरून, नाहीतर मामाच्या गावावरून, पाच मिनिटांत ओळखतो. एरवी हीच ओळख आपल्याला प्यारी असते, या बाबतीत मात्र तीच आड येते.

यावर तोडगा दारू सोडणाऱ्यांनी केव्हाच काढला आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी 1935 साली सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'मध्ये आडनाव सांगायचंच नसतं. सभेत ऐकलेलं सभेतच राहतं. आडनाव गाळण्याची ही रीत इथे मानसिक आजाराच्या गटालाही लागू पडेल. सभा कुणाच्या घरी नको. शाळेचा वर्ग, ग्रंथालयाची खोली, अशी जागा बरी. तिथे जाताना कुणी पाहिलं तरी सबब असते. रुग्णांचा गट वेगळा आणि घरच्यांचा वेगळा. मुलासमोर आई खरं बोलत नाही आणि आईसमोर मुलगा.

पुण्याच्या एका संस्थेने, 'सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी'ने, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 2013 च्या सुमारास 'आत्मीयता' नावाचा प्रयोग केला. तिथे गट बसवण्यापेक्षा गावातल्याच विश्वासू माणसांना ऐकून घ्यायला शिकवलं: कुणी उदास आहे का ओळखायचं, त्याच्याशी बोलायचं, गरज पडली तर दवाखान्यापर्यंत पोचवायचं. पुढे तो गुजरातेत मेहसाण्याला गेला. साक्री, यावल, रावेर या पट्ट्यात याच धर्तीवर काम करता येईल. आशा कार्यकर्ती आहे, बचत गटाची बाई आहे. कोणत्या घरात दार बंद करून कुणाला ठेवलंय, हे तिला आधीपासूनच ठाऊक असतं.

1987 मध्ये प्रसिद्ध झालेला चंदिगडचा एक अभ्यास मला इथे फार मोलाचा वाटतो. घरच्यांची सततची टीका आणि टोमणे वाढले की स्किझोफ्रेनिया उलटण्याची शक्यता वाढते, हे लंडनमध्ये आधी दिसलं होतं. तेच माप चंदिगडच्या कुटुंबांना लावलं, तर टीका लंडनपेक्षा कितीतरी कमी निघाली, आणि शहरापेक्षा खेड्यातल्या घरांत आणखी कमी. म्हणजे खेड्यात सोसण्याची ताकद आहे, माहिती कमी पडते. शेतावर त्याला झेपेल एवढंच काम द्यायचं, जेवायला बोलवायचं, बडबडला तर वाद घालायचा नाही, हे खान्देशातल्या कित्येक घरांत कुणी न शिकवता चालतं. त्याला गोळीची जोड मिळाली नाही, तर ते एकटं पुरत नाही.

सुरुवात करायची तर साधनं हाताशी आहेत. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. मानसिक आजार हा 2016 च्या कायद्याने मान्य केलेल्या 21 अपंगत्वांपैकी एक आहे. अपंगत्वाचं प्रमाण 40 टक्के किंवा जास्त ठरलं, तर प्रमाणपत्रावर सवलती मिळू शकतात, आणि त्या कागदाच्या खेपा कशा वाचवायच्या हेही आधी खेपा घातलेलाच सांगतो. ऑक्टोबर 2022 पासून 'टेलि-मानस'चा 14416 हा फुकटचा क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. पण त्या क्रमांकावर बोलून झाल्यावर, दुसऱ्या आठवड्यात 'पोऱ्या आते कसा शे?' असं अहिराणीत विचारणारं माणूस लागतं. त्यासाठी चार घरं पुरतात. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भेटायचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत दोघंच आले, तरी सभा रद्द करायची नाही.