साताऱ्याहून पुण्यात एमएला जायचंय? आधी मायग्रेशन काढा

सातारा आणि सांगलीतली बहुतेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न आहेत. त्यामुळे पुणे विद्यापीठात प्रवेश घेताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. कॉलेज देतं ती टीसी. मायग्रेशन विद्यापीठाकडून मिळतं.

सीईटीतून एमबीए किंवा इंजिनिअरिंगला राखीव जागा हवी असेल, तर जात पडताळणीचा अर्ज सर्वात आधी करा. समिती जुने पुरावे तपासते, त्यात वेळ जातो. ओबीसी विद्यार्थ्यांनी नॉन-क्रिमीलेअरची मुदतही पाहावी. कागद वेळेत नसेल, तर राखीव जागेवरचा हक्क जाऊ शकतो.

आधार, मार्कशीट आणि टीसीवरचं नाव आजच जुळवून बघा. फरक असेल, तर दुरुस्ती निकालाआधीच करून घ्या.