नातीच्या वहीतील प्रश्न

आपली नात किंवा नातू विद्यापीठात वैद्यक, परिचर्या, मानसशास्त्र वा आहारशास्त्र शिकत असेल, तर ‘संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र’ या विषयाबद्दलची कुरकुर आपल्या कानांवर आलीच असेल. विद्यार्थ्यांना हा विषय रुक्ष वाटतो आणि बहुतेकदा तो शिकवलाही रुक्षपणेच जातो. तरीही एखाद्या दुपारी तिच्याजवळ बसून ती वही अवश्य चाळावी. रोज पाच-सहा गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या, आणि त्या गोळ्या डबीत भरून देणाऱ्या सुनेच्या किंवा लेकाच्या, उपयोगाचे त्या वहीत पुष्कळ असते.

पहिला धडा तुलनेचा. गुडघा असह्य दुखू लागला की आपण नवे तेल आणतो. आठ-दहा दिवसांत दुखणे उतरते आणि श्रेय तेलाला मिळते. परंतु सांध्यांच्या दुखण्याला भरती-ओहोटी असते. आपण तेल आणतो ते भरतीच्या ऐन टोकावर, आणि त्यानंतर ओहोटी बहुधा येणारच असते. तेल न लावणाऱ्यांचे दुखणे त्याच काळात किती उतरले, हे ठाऊक नसेल तर तेलाविषयी काहीच सिद्ध होत नाही. म्हणून संशोधक दोन गट करतात आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगावर सोपवतात. निवड डॉक्टरांच्या हाती ठेवली, तर धडधाकट रुग्ण नकळत एका बाजूला जमा होण्याची भीती असते.

या पद्धतीचे एक थोर उदाहरण आपल्याच देशातले आहे, आणि घरी रुग्णसेवा करणाऱ्यांनी तर ते जाणून घ्यावेच. क्षयरोग झाला की आरोग्यधामात राहावे, विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा घ्यावी, अशी त्या काळी समजूत होती. खाटा मात्र फार थोड्या होत्या. १९५६ साली मद्रासमध्ये नव्याने स्थापन झालेल्या संशोधनकेंद्राने १९३ रुग्ण निवडले. चिठ्ठीने ठरल्याप्रमाणे काहींना आरोग्यधामात ठेवले, तर काहींवर त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच उपचार केले. औषधे दोन्हीकडे तीच होती. वर्षाअखेरीस घरच्या रुग्णांचे निष्कर्ष आरोग्यधामातील रुग्णांच्या अगदी जवळ आले. घरच्या रुग्णांचा आहार निकृष्ट होता आणि त्यांना विश्रांतीही कमीच मिळत होती, तरी फारसे बिघडले नाही. घरातील इतरांना होणारी लागणही त्यामुळे विशेष वाढल्याचे आढळले नाही. १९५९ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि क्षयरोग्याला घरापासून तोडण्याची प्रथा जगभर मागे पडू लागली. दोन गटांची प्रामाणिक तुलना झाली नसती, तर केवळ वादविवादाने हा प्रश्न कधी सुटला असता, कोण जाणे!

दुसरा धडा योगायोगाचा. रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात चहाचे उदाहरण दिले आहे. पेल्यात आधी दूध घातले की चहा, हे चवीवरून ओळखते असे एक बाई म्हणत. आठ पेल्यांपैकी चार एका रीतीचे आणि चार दुसऱ्या रीतीचे असतील, तर त्यांची विभागणी सत्तर प्रकारे होऊ शकते. म्हणजे निव्वळ अंदाजाने सर्व पेले अचूक ओळखले जाण्याची शक्यता सत्तरांत एक. विद्यार्थी पुढे जी किचकट सूत्रे पाठ करतात, त्यांच्या मुळाशी हीच साधी विचारणा असते : हे नुसत्या नशिबाने घडले असते का? ‘लक्षणीय’ हा शब्द अहवालात या अर्थाने येतो. फरक मोठा आहे किंवा आपल्या उपयोगाचा आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. वृत्तपत्रे येथेच वारंवार घसरतात.

आता तिसरा धडा, आणि माझ्या मते ज्येष्ठांसाठी सर्वांत मोलाचा. हृदयविकार टाळण्यासाठी रोज अॅस्पिरिनची लहान गोळी घ्यावी, हा सल्ला आपण कधीतरी ऐकलाच असेल. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील १९,११४ निरोगी ज्येष्ठांवर याची कसोटी झाली. त्यांतील बहुतेक सत्तरी ओलांडलेले होते. निम्म्यांना १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. संशोधकांनी मोजले तेही महत्त्वाचे होते : मृत्यू, स्मृतिभ्रंश किंवा कायमचे परावलंबित्व यांपासून मुक्त असे आयुष्य. २०१८ साली निष्कर्ष आला. यांपैकी काही ओढवण्याचे प्रमाण अॅस्पिरिनच्या गटात वर्षाला दर हजारी २१.५ आणि दुसऱ्या गटात २१.२, म्हणजे जवळपास सारखेच होते. गंभीर रक्तस्राव मात्र हजारी ६.२ वरून ८.६ वर गेला.

हीच वाढ ‘३८ टक्के’ म्हणून सांगता येते आणि ‘हजार माणसांमागे वर्षाला दोन-तीन’ म्हणूनही. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिले घाबरवते, दुसरे विचार करायला लावते. औषधाचा लाभ सांगतानाही हाच खेळ चालतो. ‘धोका निम्म्यावर’ म्हणजे हजारी दोनशेवरून शंभर की दोनावरून एक, हे विचारल्याशिवाय हर्षभरित होऊ नये.

येथे एक सूचना आवश्यक आहे. ही चाचणी हृदयविकार न झालेल्यांची होती. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे, त्यांचा हिशेब निराळा. त्यांनी हे वाचून गोळी बंद करणे धोक्याचे ठरेल. चाचणीत कोणती माणसे होती, हा प्रश्न त्यासाठीच वहीत ठळक लिहिलेला असतो. ऐंशीनंतर रक्तदाब औषधाने उतरवावा की नाही, याविषयी दीर्घकाळ साशंकता होती. २००८ साली ऐंशी व त्याहून अधिक वयाच्या ३,८४५ जणांवरील चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे त्या वयाला स्वतःचे असे उत्तर मिळाले, आणि ते उपचाराच्या बाजूचे होते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एका चिठ्ठीवर एवढेच लिहून न्यावे : ही गोळी माझ्यासारख्या हजार जणांनी पाच वर्षे घेतली तर कितींचा लाभ होईल, आणि कितींना अपाय? नेमका आकडा हाताशी नसला तरी चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावणार नाहीत. चिठ्ठी लिहायला नातीलाच बसवावे; परीक्षेआधी तिचीही उजळणी होईल.