तारीख कोणाला परवडते?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. परंतु संसार मोडला आहे, जोडीदार घटस्फोटास संमती देत नाही आणि लहान मुलाच्या ताब्याचा वाद आहे, अशा वेळी ती पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसते. मग प्रश्न शहाणपणाचा राहत नाही, ऐपतीचा होतो.

हा खर्च मुख्यतः कोर्ट-फीचा नव्हे. महाराष्ट्रात पोटगी व घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट-फी माफ आहे. खरा खर्च तारखेचा. समजा, करारावर नेमलेली एखादी शिक्षिका तालुक्याहून जिल्ह्याच्या न्यायालयात येते. दर तारखेला तिचा दिवसाचा पगार बुडतो, एसटीचे भाडे पडते, मूल शेजारी ठेवावे लागते आणि वकिलाची फी असतेच. एवढे करून पुष्कळदा पदरी पडते ती पुढची तारीख. प्रतिपक्षाची मिळकत तिच्या तिप्पट असेल, तर तारीख त्यालाही फुकट नसते. पण त्याला ती परवडते. पक्षांची ऐपत असमान असली, की विलंब हे ऐपतदाराच्या हातचे हत्यार बनते. दुसरा पक्ष अखेर थकतो आणि हक्कांवर पाणी सोडून मिळेल त्या अटींवर सही करतो. कागदोपत्री तिला परस्परसंमती म्हणतात! कमी पगाराच्या बापाचीही अशीच गत होऊ शकते.

या व्यवहारात सर्वांत मोठी किंमत मोजते ते मूल. दोन वर्षांच्या मुलाचा वाद दोन वर्षे चालला, तर निकालाच्या दिवशी त्याचे निम्मे आयुष्य वादात गेलेले असते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. पण मूल दुसऱ्या घरी असेल आणि दावा रेंगाळला, तर ते पाचाची मर्यादा ओलांडते, त्या घरात रुळते. आणि रुळलेल्या मुलाला हलविण्यास न्यायालयही कचरते.

कायद्याने याचा विचार केलेला नाही, असे नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ अन्वये पुरेसे उत्पन्न नसलेल्या पत्नीला वा पतीला दुसऱ्याकडून अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्चही मागता येतो. नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत असा अर्ज शक्यतो निकाली काढावा, अशी दुरुस्ती २००१ मध्ये झाली. दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात २०२० मध्ये सांगितले. विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ चा, अंमल १९९५ पासून. त्यानुसार स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. एरवी पुरुषांना मात्र उत्पन्नमर्यादा आहे. मोफत वकील म्हणजे निराधारांची सोय, या समजुतीने आपल्या मध्यमवर्गातील अनेक स्त्रिया त्या दारापर्यंत जातच नाहीत. तो हक्क आहे, भीक नव्हे.

न्याय स्वस्त केला तर संसार अधिक मोडतील, असा एक आक्षेप घेतला जातो. वकिलाच्या फीच्या धास्तीने जे टिकते त्याला संसार म्हणावे काय? त्या घरात मूल सुखाने वाढते, असेही नाही.

तेव्हा करायचे काय? ‘शक्यतो’ या शब्दाची पळवाट बुजवून खर्चाच्या अर्जाचा निकाल आधी लागला पाहिजे. जो विनाकारण तारीख मागेल, त्याने समोरच्याचा त्या दिवसाचा खर्च तेथल्या तेथे भरावा. विधी सेवेच्या वकिलांना मेहनतीस साजेसे मानधन मिळावे. मर्यादेच्या किंचित वर पगार असलेल्या कारकुनाकडून ऐपतीप्रमाणे अंशतः फी घेऊन त्यालाही ही सेवा खुली करावी.

यासाठी शासनाला पैसा लागेल, हे उघड आहे. तो वाचविला, तर त्याचा भार त्या मुलावर पडतो. आणि मुलाला आपली बाजू मांडण्यासाठी तारीख मागता येत नाही.