सरकलेली गादी आणि झटक्याचा उपचार

खताची पोती उतरविताना किंवा उसाच्या मोळ्या वाहताना कंबरेत एकाएकी कळ येऊन माणूस वाकलेलाच राहतो, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही. 'उसण भरली' असे म्हणून गावात पायाळू माणसाचा पाय पाठीस लावतात किंवा हाडवैद्याकडून पाठ दाबून घेतात. शहरांतून याच कारणासाठी कायरोप्रॅक्टिक नावाचा, मणक्यांना हाताने झटका देण्याचा उपचारही केला जातो. साधी उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते व शेवटी केलेल्या उपचारास यश मिळाल्यासारखे वाटते. परंतु कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागील बाजूने पोटरीपर्यंत वा पावलापर्यंत उतरत असेल, तर मणक्यातील गादीचा विकार असण्याचा संभव असतो. अशा वेळी झटका घेण्यापूर्वी विचार करणे अगत्याचे आहे.

आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या दरम्यान 23 गाद्या असतात. प्रत्येक गादीचे बाहेरील कडे चिवट व आतील गर मऊ असतो. वाकून, अंगास पीळ देऊन ओझे उचलल्यास कड्यास चीर पडू शकते. टायर चिरला म्हणजे आतील ट्यूब जशी फुगून बाहेर येते, तसा हा गर बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या शिरेस दाबतो. म्हणजे गादी जागेवरून सरकलेली नसते. म्हणून ती झटक्याने 'बसविता'ही येत नाही. दिलासा देणारी गोष्ट अशी की, बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेते आणि बहुसंख्य रुग्णांचे दुखणे 6 ते 12 आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरेच कमी होते. त्या काळात फार दिवस अंथरुणास खिळून न राहता झेपेल तेवढे चालावे; ओझे मात्र उचलू नये.

कायरोप्रॅक्टिकचा आरंभ डॅनियल डेव्हिड पामर यांनी 1895 साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे केला. अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका प्रमुख संस्थेने 2017 साली साध्या कंबरदुखीवरील औषधाविना उपचारांत मणक्यांच्या हस्तोपचाराचा समावेश केला. मात्र त्याचा पुरावा भक्कम नसल्याचेही नमूद केले. तेव्हा हा उपचार घ्यावयाचाच असेल, तर प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि उपचार करणाऱ्याचे शिक्षण कोठे व किती झाले आहे, हे निःसंकोच विचारावे. मणक्याचा क्षय, हाडांची ठिसूळता किंवा पडल्यामुळे झालेला अस्थिभंग असल्यास झटक्याने मोठी इजा होऊ शकते.

पुढील लक्षणे दिसल्यास कोणाकडूनही पाठ दाबून घेऊ नये:

1. पायातील शक्ती कमी होणे, पाऊल घासत चालणे किंवा चप्पल नकळत निसटणे.
2. जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे.
3. लघवी तुंबणे, किंवा लघवी वा शौचावरील ताबा सुटणे.

यांपैकी दुसरे वा तिसरे लक्षण दिसताच त्याच दिवशी, रात्र असली तरी, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णास मोठ्या रुग्णालयात न्यावे. तेथे तातडीने शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असतो. उशीर झाल्यास अधूपणा कायमचा राहू शकतो. पायातील शक्ती कमी झाली असल्यासही डॉक्टरांना दाखविण्यास विलंब लावू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोगनिदान करण्याच्या भरीस पडू नये. कंबर धरून बसलेला शेतकरी भेटल्यास कळ पायात उतरते काय, पायात शक्ती आहे काय आणि लघवी साफ होते काय, एवढे तीन प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत. लाजेमुळे शेवटची गोष्ट रुग्ण आपण होऊन सांगत नाही.

युरियाचे पोते 45 किलोचे असते. ते शक्यतो दोघांनी मिळून, गुडघे वाकवून व अंगाजवळ धरून उचलावे. वळावयाचे झाल्यास कंबर न पिळता पाय वळवावेत. एवढी काळजी घेतल्यास पाठीवर पडणारा ताण निश्चितच कमी होईल.