कॅटमरान नौकेची स्थिरता

दोन समांतर व अरुंद काया (नौकेचे तरंगणारे पोकळ सांगाडे) आडव्या तुळयांनी एकमेकींस जोडून बनविलेल्या नौकेस कॅटमरान म्हणतात. ही संज्ञा ‘कट्टुमरम्’ (कट्टु–बांधणे, मरम्–लाकूड) या तमिळ शब्दावरून आलेली आहे. मूळ कट्टुमरम् म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळ्यांचा, ओंडके दोरांनी एकत्र बांधून केलेला तराफा होय. दोन कायांची नौका ही मुख्यतः पॅसिफिक महासागरातील पॉलिनीशियन लोकांची निर्मिती असून तिला हे भारतीय नाव यूरोपीय लोकांनी पुढे दिले. मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियापासून मांडव्यापर्यंत उतारूंची ने-आण करणाऱ्या कॅटमरान नौका यंत्रचलित आहेत. प्रस्तुत नोंदीत शिडाच्या कॅटमरानचा, विशेषतः पाठीमागून येणाऱ्या झोतांच्या वाऱ्यात ती उलटण्याची कारणे व निवारण यांचा, विचार केला आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या तत्त्वाशी निकटचे नाते सांगणारी नौका म्हणजे दक्षिण कोकणातील उलांडीची होडी. होडीच्या एका बाजूस काही अंतरावर आडव्या दांड्यांनी जोडलेला लाकडी तरंगता भाग म्हणजे उलांडी. उलांडीमुळे अरुंद होडीही सहजासहजी कलंडत नाही. तळाशी जड भार न घालता रुंदीच्या साहाय्याने स्थिरता मिळविणे, हे तत्त्व दोहोंत समान आहे.

आधुनिक काळात नथॅनिएल हेरेशॉफ या अमेरिकन नौकारचनाकाराने १८७६ मध्ये ‘अ‍ॅमरिलिस’ ही कॅटमरान न्यूयॉर्कजवळील शर्यतीत उतरविली व प्रचलित नौकांना मागे टाकले. मात्र तीवर आक्षेप घेण्यात येऊन अशा नौका शर्यतींतून वगळल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हलक्या कृत्रिम द्रव्यांमुळे या प्रकारास पुन्हा चालना मिळाली. ‘टॉर्नेडो’ ही कॅटमरान १९७६ ते २००८ या काळात ऑलिंपिक सामन्यांत होती. २०१६ पासून ‘नाक्रा १७’ या वर्गाचा समावेश झाला आहे.

स्थिरतेचे स्वरूप : एक काया असलेल्या शिडाच्या मोठ्या नौकेत तळाशी जड कणा असतो. वाऱ्याने ती जसजशी कलते तसतसे कण्याचे वजन तिला अधिकाधिक जोराने सरळ करू पाहते. शिवाय कललेल्या शिडावरील दाबही घटतो. या नौकेचा कल हीच नावाड्यास मिळणारी धोक्याची सूचना असते. कॅटमरानमध्ये असा कणा नसतो. तिचे सर्व वजन वाऱ्यापलीकडील कायेच्या आधाराने शिडाच्या परिबलाला तोलून धरते. यामुळे ती सुरुवातीस फारच थोडी कलते. परंतु वाऱ्याकडील काया पाण्याबाहेर येताच तिची स्थिरता कमाल मर्यादेस पोहोचलेली असते व त्यानंतर ती झपाट्याने कमी होत जाते. म्हणजेच कॅटमरान दीर्घकाळ निश्चल भासते आणि मग एकाएकी उलटते. पूर्ण पालथी झाल्यावर ती त्या अवस्थेतही तितकीच स्थिर असल्याने आपोआप सरळ होत नाही.

अनुवात प्रवासातील धोका : वारा पाठीमागून घेऊन केलेल्या प्रवासास अनुवात प्रवास म्हणतात. या वेळी आडव्या दिशेने कलण्यापेक्षा नौकेने पुढच्या बाजूस कोलांटी घेण्याचा धोका अधिक असतो. शिडावरील दाबाचा मध्य डोलकाठीवर उंच असतो आणि पाण्याचा विरोध खाली असतो. या दोहोंमुळे नाळ (पुढचे टोक) खाली दाबली जाते. वेगासाठी काया अरुंद ठेवलेल्या असल्याने नाळेच्या भागातील राखीव उत्प्लावक बल थोडे असते. उदा., सर्वत्र प्रचार पावलेली ‘होबी १६’ ही नौका सु. ५ मी. लांब व २.४ मी. रुंद असून तिचे वजन सु. १४५ किग्रॅ. व शिडांचे क्षेत्रफळ सु. २० चौ. मी. असते. इतक्या हलक्या नौकेवर एवढे शीड असल्यावर नाळ पुढील लाटेत शिरण्यास एक झोतही पुरतो.

यातील खरी फसगत भासमान वाऱ्यामुळे होते. समजा, वाऱ्याचा वेग २० नॉट (१ नॉट = ताशी १.८५२ किमी.) असून नौका त्याच दिशेने १२ नॉट वेगाने जात आहे. अशा वेळी नौकेवरील माणसास केवळ ८ नॉटचा मंद वारा जाणवतो. नाळ लाटेत शिरून नौका थबकली, की शिडास पूर्ण २० नॉटचा वारा लागतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो क्षणार्धात सव्वासहा पट होतो आणि पिछाडी उचलली जाऊन नौका नाळेवरून पालथी पडते. पिछाडी वर आल्यामुळे सुकाणूचीही पाण्यावरील पकड सुटते.

झोतांची कारणे : हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येकडून वारे वाहतात. त्यामुळे मुंबईहून दक्षिणेकडे निघालेल्या नौकेस दुपारचा प्रवास बहुधा अनुवात घडतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह वाऱ्याविरुद्ध असल्यास लाटा आखूड व उभट होतात आणि नाळ बुडण्याचा संभव वाढतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात झोत फार प्रबळ असतात; नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याच्या परंपरागत प्रघातामागे हा अनुभव आहे. अंतर्भागातील जलाशयांत मोठ्या लाटा नसल्या, तरी काठावरील टेकड्या व झाडी यांमुळे वाऱ्याची दिशा व जोर वारंवार बदलतो. यावल तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या तापीवरील हतनूर धरणासारख्या जलाशयांच्या प्रदेशात वळवाच्या गडगडाटी पावसापूर्वी थंड हवेचा लोट एकाएकी येतो. अशा वेळी नौका पाण्यावर नसणे हेच इष्ट. वाऱ्याचा वेग दीडपट झाल्यास शिडावरील दाब सव्वादोन पट होतो, हे ध्यानी ठेवावयास हवे.

निवारणाचे उपाय : (१) शिडाचे क्षेत्रफळ वाऱ्याच्या सरासरी वेगावरून न ठरवता अपेक्षित झोतांच्या वेगावरून ठरवावे. अनुवात जाताना जाणवणारा वारा फसवा असल्याने नौकेचा वेग त्यात मिळवून मगच शीड कमी करण्याचा निर्णय घ्यावा. प्रवासी कॅटमरानमध्ये मागचे मोठे शीड उतरवून केवळ पुढच्या लहान शिडावर जाणे सुरक्षित ठरते. कारण त्याचा दाबमध्य खाली असतो व नौका पुढून ओढली जाते.

(२) माणसांनी मागील बाजूस व वाऱ्याच्या अंगास बसावे. सामानही नाळेच्या भागात ठेवू नये.

(३) वारा अगदी पाठीवर न घेता थोडा तिरपा घ्यावा. वारा नेमका पाठीमागे असल्यास मोठे शीड अवचित दुसऱ्या बाजूस फिरण्याचे भय असते. एकाने वरचेवर मागे पाहावे. पाण्यावर सरकत येणारा काळसर, बारीक तरंगांचा पट्टा म्हणजे येणारा झोत होय.

(४) तिरप्या अनुवात मार्गावर असताना झोत आल्यास नाळ हळूहळू वाऱ्याच्या प्रवाहाच्या दिशेने वळवावी. झोत ओसरल्यावर पूर्वीच्या मार्गावर यावे. वाऱ्याकडे वळणे येथे घातक असते. कारण त्यामुळे भासमान वारा वाढतो आणि वळणाच्या केंद्रोत्सारी प्रेरणेने नौका वाऱ्यापलीकडे अधिकच कलते. वाऱ्याला सामोरे जाणाऱ्या मार्गावर मात्र नेमका उलट नियम लागू पडतो : तेथे शीड सैल सोडावे व नाळ वाऱ्याकडे घ्यावी. हा भेद अंगवळणी पडलेला नसणे हे अपघातांचे मोठे कारण आहे.

(५) वारा बाजूने येत असताना अनुवात दिशेस वळणे हा सर्वांत नाजूक क्षण होय. या वळणात शिडाची पुढे रेटणारी प्रेरणा कमाल होते. म्हणून शिडाचे ताणदोर आधी सैल करून, झोत येण्यापूर्वी किंवा तो ओसरल्यावर, वळण घ्यावे. ९ मे २०१३ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को उपसागरात सरावाच्या वेळी आर्टेमिस या स्वीडिश संघाची सु. २२ मी. लांबीची कॅटमरान असेच वळण घेताना उलटून मोडली आणि ब्रिटनचा ऑलिंपिक सुवर्णपदकविजेता अँड्र्यू सिम्पसन मृत्युमुखी पडला. निष्णात नावाड्यांनाही हा नियम चुकत नाही, असे यावरून दिसते.

(६) खुल्या समुद्रात मोठ्या लाटांवरून नौका अनावर वेगाने घसरू लागल्यास पिछाडीस लांब दोर किंवा कापडी समुद्र-नांगर बांधून सोडावा. त्यामुळे वेग आटोक्यात राहतो व पिछाडी लाटेकडे राहते.

(७) नाळ पाण्यात शिरू लागताच ताणदोर सोडावे, माणसांनी मागे सरकावे व सुकाणू सरळ ठेवावे.

उलटल्यानंतर : लहान कॅटमरान सरळ करता येते. प्रथम ताणदोर मोकळे करावेत, नाळ वाऱ्याकडे आणावी आणि वरच्या कायेवरून घेतलेला दोर धरून खालच्या कायेवर उभे राहून मागे झुकावे. शिडाखाली शिरलेला वारा नौका उचलण्यास मदत करतो. डोलकाठीच्या टोकास तरंगता फुगा बसविल्यास नौका पूर्ण पालथी होत नाही. मोठी कॅटमरान माणसांच्या बळाने सरळ होत नाही. तथापि जड कणा नसल्याने ती सहसा बुडतही नाही. म्हणून जीवरक्षक जाकीट घालून नौकेलाच धरून राहावे. किनारा जवळ दिसला तरी पोहत निघू नये. पाण्यातील एकट्या माणसापेक्षा पालथी नौका शोधणाऱ्यांना लवकर दिसते.